पायरीवर बसवलेला देव

संमतिपत्र गुजरातीत होतं आणि घरात गुजराती वाचणारा मी एकटाच, म्हणून ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. थोडी अक्कल असती तर वरचा मजकूर सोडून मी नुसती सहीची जागा दाखवली असती. पण कॉलेजचा कागद म्हणजे पूर्ण वाचायचा, असं मला तेव्हा मनापासून वाटे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉलेजच्या कागदाशी लबाडी करणाराही पहिला मीच ठरावं, हे बरं दिसलं नसतं. म्हणून मी ओळ न् ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. शेवटची ओळ होती, चढाई करताना दुखापत झाली तर कॉलेज जबाबदार राहणार नाही.

बाबा पेनचं टोपण काढून बसले होते. आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"मंग कोन जबाबदार शे?" आईने विचारलं. आम्ही खानदेशातले, घरात अहिराणीच बोलतो.

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"लिखेल नही," मी म्हणालो.

"मंग मी येस," मग मी येते, असं आई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

बाबांनी सही केली. त्यांचं म्हणणं असं की कॉलेजवाले शिकलेले लोक आहेत, ते उगाच कुणाला कातळावर चढवणार नाहीत, त्यात काहीतरी अभ्यास असणार. अभ्यास काही नव्हता, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

सुरतेतल्या प्लेगनंतरचा दुसरा हिवाळा होता. आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेतले एक सर कातळ चढण्याचं मंडळ चालवत. मंडळ म्हणजे सर, दोन दाढीवाले सीनियर आणि एक सुरती मुलगी. मुलगी जेमतेम चाळीस किलोची, पण खाली दोर तिच्या हातात असला की सरसुद्धा निर्धास्त चढत. ती लहानपणापासून गच्चीवर पतंग उडवत आलेली. तिच्यामुळे मंडळात दोर सैल हवा असेल तर 'ढील' आणि ताणायचा असेल तर 'खेंच' असं ओरडायची पद्धत पडली होती. दोर पतंगाच्या मांज्यासारखा तिच्या बोटांतून जायचा.

कमरेला बांधायचे पट्टे मंडळाकडे पाचच होते. चार या चौघांचे. पाचव्यासाठी यादी होती. नियम असा की नव्या मुलाला तीन रविवार मिळतात. पहिले दोन रविवार दोर वरून बांधलेला, म्हणजे पडलं तरी जागच्या जागी लोंबकळायचं. तिसऱ्या रविवारी दोर खालून स्वतः घेऊन जायचा, कातळात ठोकलेल्या बोल्टांमध्ये अडकवत अडकवत, आणि टोकाच्या लोखंडी रिंगला हात लावायचा. हात लागला तर पट्टा तुझा. नाही लागला तर यादीतला पुढचा, आणि तुझा नंबर थेट पुढच्या हिवाळ्यात.

आणखी एक गोष्ट होती. रिंगला हात लागला की तिथूनच आपलं नाव मोठ्याने ओरडायचं आणि खालच्यांनी तेच नाव ओरडून परत पाठवायचं. ही काही हौस नव्हती. आमचा कातळ सागाच्या जंगलात, वर ऐन आणि उंबराची दाट सावली. भर दुपारीही तिथे दिवेलागणीसारखं वाटायचं. शेवटच्या बोल्टाच्या वरचं काही खालून दिसत नसे, नुसती पानं. माणूस रिंगपर्यंत पोचला की मधेच कुठे विसावला, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

मला उंचीपेक्षा या ओरडण्याची भीती जास्त होती. माझा आवाज मुळात लहान. वर्गात हजेरीला मी 'यस सर' म्हणायचो ते माझ्या पुढच्या बाकापर्यंत पोचायचं, टेबलापर्यंत नाही. समोर बसलेलो असताना माझी दोनदा गैरहजेरी लागली. दुसऱ्यांदा मी उठून उभाही राहिलो होतो, पण सरांना वाटलं मला बाहेर जायचंय, त्यांनी मानेनेच परवानगी दिली. मग मी बाहेर गेलो.

मंडळात मी का गेलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. नोटीस बोर्डावर 'कोई पण आवी शके', कोणीही येऊ शकतं, असं लिहिलं होतं. ते मला खरं वाटलं. पहिल्या रविवारी सरांनी विचारलं, "दीकरा, तारुं नाम शुं?" कॉलेजात चार महिने झाले होते आणि नाव विचारणारे ते पहिले. मी सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. ते हसले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "रिंग पर जईने बोलजे." वर जाऊन सांग. तोवर मी 'नवो', म्हणजे नवा. सगळे मला नवो म्हणायचे.

पट्टा मला हवाच होता. पण खरं म्हणजे त्या चौघांनी एकदा माझं नाव खालून ओरडावं, हे मला जास्त हवं होतं. त्यासाठी मी सरावही केला. पांडेसरात आमच्या चाळीमागे लूमचं खातं होतं. यंत्रं चालू असताना शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. तिथे भिंतीला टेकून मी रोज संध्याकाळी स्वतःचं नाव ओरडायचो. कोणालाही ऐकू जायचं नाही, त्यामुळे फार छान जमायचं.

तिसऱ्या रविवारी आई तयार झाली, आणि सोबत मामाही. मामा डाइंगच्या कारखान्यात. ज्या आठवड्यात जो रंग चालू, त्या रंगाचे त्याचे हात. त्या आठवड्यात जांभळा होता. आम्ही उधन्याला भुसावळ पॅसेंजर पकडली. त्या गाडीत निम्मे लोक आमच्याकडचेच, बोचकी बांधून गावी निघालेले. सोनगढ आलं आणि आम्ही उठलो, तेव्हा मामाला ते अजिबात पटलं नाही.

"आख्खी गाडी घर जाई राह्यनी," तो म्हणाला, "आन आपन आठे उतरी राह्यनूत? दगडसाठे?"

"सर उतरले," मी म्हणालो.

"सरनं घर नही का?"

सर पुढच्या डब्यातून उतरून आले. आईला त्यांनी वाकून नमस्कार केला, "आवो बेन," म्हणाले. मामाशी हात मिळवला आणि स्वतःच्या तळव्याकडे काळजीने पाहिलं. "पक्का रंग शे, लागाव नही," मामा अभिमानाने म्हणाला.

स्टेशनपासून तासभर चालावं लागतं. कातळाशी पोचल्यावर आई पदराने वारा घेत त्याच्याकडे बघत राहिली. तीन मजली चाळीएवढा उंच, काळा, खालून थोडा पुढे झुकलेला. आईला सावली आवडली. "गार शे आठे," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, चला, एक तरी गोष्ट पसंत पडली. मग सर म्हणाले, आधी ओढ्यावरून पाणी भरून आणू. आई आणि मामाला सामानापाशी बसवून आम्ही पाचही जण ओढ्याकडे गेलो. मी दोन कॅन उचलले, कारण आई बघत होती.

आम्ही फार तर अर्धा तास नव्हतो.

परत आलो तेव्हा उदबत्तीचा वास आला. सर पुढे होते, ते थांबले. त्यांच्या मागे दोन्ही दाढ्या थांबल्या. कातळाच्या पायथ्याशी फोडलेला नारळ, दोन रानफुलं, आणि मधोमध, मांडीच्या उंचीला, ओला चकचकीत शेंदूर. शेजारी आई हात जोडून उभी, आणि मामा जांभळ्या हातांनी करवंटीतून खोबरं काढत बसलेला.

शेंदूर नेमका पायरीवर फासला होता.

पायरी म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या चढाईच्या सुरुवातीला कातळातून वाटीएवढा एक दगड पुढे आलेला होता. त्याला मंडळ पायरी म्हणायचं. उजवा पाय तिच्यावर ठेवला की डोक्यावरची भेग हाताला लागते, आणि मग पुढचं सगळं. पायरीशिवाय ती भेग हातभर लांब राहते. हिवाळाभर पाय पडून पडून पायरी गुळगुळीत झालेली, आणि हातांना घाम येऊ नये म्हणून लावायची पांढरी पावडर तिच्यावर सांडून सांडून तिचा मधला भाग पांढरा झालेला.

"आ कोणे कर्युं?" सर हळू आवाजात म्हणाले. हे कोणी केलं, हे दिसत होतंच, तरी.

आईने मला बाजूला घेतलं. तिला राग आला होता. "कवयपासून चढी राह्यनात तुम्ही आठे?" तिने विचारलं. "आन एक नारळ नही?" आमच्याकडे विहीर खणायची असो, लूमवर नवं यंत्र बसवायचं असो, आधी जागेच्या देवाला नारळ फुटतो, मग कामाला हात लागतो. तिने आल्याबरोबर जागेचा देव शोधला होता, आणि तो तिला लगेच सापडला. सबंध कातळात तोच एक दगड पुढे आलेला, हात लावून लावून गुळगुळीत झालेला, आणि वर पांढरं पीठ. म्हणजे कोणी तरी आधी पूजा करत होतं. नंतर सोडून दिली. शेंदूर वाळून गेला असणार. देव उघडाच बसला होता बिचारा.

"आई, ते आमचे पाय..." मी म्हणालो.

"काय?"

"काही नही."

सरांना मी सगळं गुजरातीत समजावलं. एरवी ते मोठे विज्ञानवादी. प्रयोगशाळेत लिंबू-मिरची टांगणाऱ्या शिपायाला त्यांनी तासभर चुंबकत्व शिकवलं होतं. पण ते पायरीजवळ गेले, बूट काढले, का काढले ते त्यांनाही कळलं नसावं, आणि बराच वेळ बघत राहिले. "हवे भगवान थई गया," ते म्हणाले. "भगवान पर पग केम मुकाय?"

आता हा देव झाला, आणि देवावर पाय कसा ठेवायचा? आणि ठेवला असता तरी उपयोग नव्हता, कारण शेंदूर तेलात कालवलेला होता.

"देवाला थोडं बाजूला नाही का बसवता येणार?" थोरल्या दाढीने हिंदीत विचारलं.

आईने माझ्याकडे पाहून उत्तर दिलं. "बठाडेल देव त्याच दिन उठाडतस नही." बसवलेला देव त्याच दिवशी उठवत नाहीत. उद्या या, म्हणाली.

उद्या सोमवार होता. उद्या माझे तीन रविवार संपलेले असणार होते.

मग सुरू झाला तो प्रकार मी जन्मात विसरणार नाही. थोरली दाढी म्हणाली, पायरीशिवायही जमेल, आणि लांबून धावत येऊन भेगेकडे उडी मारली. हात भेगेला लागला नाही. परत खाली येताना तो देवाच्या अंगावर येणार हे हवेतच त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने हवेतच दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि पार्श्वभागावर आपटला. धाकट्या दाढीने डावीकडून सरकत जायचा प्रयत्न केला, तोल गेला, आधारासाठी हात नेमका शेंदरावर पडला. पडल्यावर त्याने तोच हात आपल्या कपाळाला लावून नमस्कार केला, म्हणजे तो दिवसभर गोंधळ्यासारखा दिसत होता. सरांनी तीनदा प्रयत्न केले, आणि प्रत्येक वेळी घसरून खाली आले की देवाला "सॉरी" म्हणाले. ओढ्यावर गुरं घेऊन आलेली जवळच्या पाड्यातली दोन माणसं आली, शेंदूर पाहिला, हात जोडले, आणि पुढे हे लोक देवासमोर उड्या का मारताहेत ते बघत बसली.

मामाला हे सगळं फार आवडलं. "जत्रा शे," तो आईला म्हणाला.

शेवटी सर माझ्याकडे आले. चेहरा पडला होता. "नवो, आजनो दिवस..." ते म्हणायला लागले. आजचा दिवस धरायचा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आजचा सोडला तर पुढच्या रविवारी यादीतल्या मुलाचं काय, त्याला तारीख दिली होती. नियम सरांनीच केलेला आणि सर नियमाचे पक्के. "तारो वारो तो छे," ते म्हणाले. तुझी पाळी तर आहे. करून बघ.

मी कातळाजवळ गेलो. वर पाहिलं. भेग नेहमीपेक्षा लांब वाटली. मागे सरकलो तर पाठ ऐनाच्या झाडाला लागली. ते झाड कातळापासून जेमतेम दोन हातांवर उभं, सालीला मगरीच्या पाठीसारखे खवले. पाठ तिथे टेकली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आमची खोली दहा बाय दहाची. वर माळा, आणि मी माळ्यावर झोपतो. शिडी ठेवायला जागा नाही. म्हणून मी पाठ भिंतीला लावतो, पाय समोरच्या लोखंडी कपाटाला लावतो, आणि एकदा पाठ, एकदा पाय असं सरकत वर जातो. सातवीपासून रोज. त्यात काही विशेष आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

मी पाठ झाडाला टेकवली, एक पाय कातळावर देवाच्या बराच डावीकडे लावला, मग दुसरा, आणि दोन वीत वर सरकलो.

"एय!" थोरली दाढी ओरडली. "झाड नहीं चाले! आ रॉक क्लाइंबिंग छे!"

"झाड कोणी आणून लावलंय का इथे?" सुरती मुलगी गुजरातीत म्हणाली. "बोल्ट तुम्ही ठोकले. झाड आधीपासून आहे."

सर विचारात पडले. मी मधेच अडकून त्यांच्या निकालाची वाट बघत होतो. पाठीत खवले रुतत होते.

"चालशे," सर म्हणाले.

पण आई पुढे आली. "देवना डोकावरथून पाय नेशी?" तिने विचारलं. वर जायचं म्हणजे पाय देवाच्या वरून जाणारच होते.

मामा बसल्या जागेवरून बोलला. तोंडात खोबरं होतं. "ताई, माळाखाले काय शे तुना घरमा?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"देव्हारा शे ना? रोज डोकावरथून जास ना तो? सहा वरीस व्हयनात. काही बोलना का देव?"

आईने पिशवीतून शेंदूर काढला, मला खाली उतरायला लावून माझ्या कपाळावर अंगठ्याने लांब टिळा ओढला, आणि खोबऱ्याचा एक मोठा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. "प्रसाद शे. थुकू नको," ती म्हणाली.

दोर बांधून झाला. सुरती मुलीने दोर हातात घेतला, तेव्हा आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वजन कितलं तुनं, पोरी?"

मी भाषांतर केलं, तोंड भरलेलं असतानाच.

"चालीस, मासी."

"आन हाऊ पचपन्नना." माझ्याकडे बोट दाखवून आईने मामाकडे पाहिलं. "म्हंजे हाऊ पडना का ही वर जाई." विहिरीचा रहाट ओढण्यात बालपण गेलेलं, तिला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. ती मुलीच्या मागे जाऊन बसली, दोन्ही हातांनी तिची कंबर घट्ट धरली, आणि पाय जमिनीत रोवले. मुलगी म्हणाली, "मासी, तमे चिंता ना करो." आई म्हणाली, "तू दोर सांभाय." सरांनी फिजिक्सच्या दृष्टीने पाहिलं आणि हरकत घेतली नाही.

मी चढलो. पाठ, पाय, पाठ, पाय. देव खाली माझ्या पायांच्या मधे, लाल, चकचकीत. शर्ट मागून टर्रकन फाटला. भेग आली. उजवा हात भेगेत घातला, झाड सोडलं, आणि कातळावर आलो. खालून कोणी तरी टाळी वाजवली. मला वाटतं पाड्यातला माणूस असावा.

पहिल्या बोल्टात दोर अडकवताना लक्षात आलं की मला 'ढील' म्हणता येत नाही. भीतीने तोंड कोरडं पडलं होतं. खोबरं चावून चावून भुसा झालं होतं, पण गिळलं जात नव्हतं. थुंकायचं तर खाली देव, त्याच्या समोर आई. मी दोराला एक हिसका दिला. दोर लगेच सैल झाला. दुसऱ्या बोल्टालाही तसंच. नंतर मी मुलीला विचारलं, तुला कसं कळत होतं? ती म्हणाली, पतंग कुठे बोलतो?

तिसरा, चौथा, पाचवा. घामाने टिळा वितळून नाकावरून ओघळायला लागला. मी हाताने पुसला आणि तोच हात पुढच्या पकडीवर ठेवला. सहाव्या बोल्टानंतर मी पानांत शिरलो. तिथे एकदम शांत होतं. खालचं काही दिसेना. पानांमधून एक लोखंडी रिंग दिसली, गंजलेली, बांगडीपेक्षा थोडी मोठी. मी अंग लांबवलं आणि तिला हात लावला.

गार होती. मला हसू आलं. मग नाव ओरडायचं आठवलं. मी तोंड उघडलं. तोंडात खोबरं होतं.

मी तसाच लटकलेला, दोन बोटं रिंगेत, आणि गिळायचा प्रयत्न करतोय. खाली सगळे वाट बघत असणार. वरून काही आवाज नाही. एवढ्या वेळात आईचा धीर सुटला आणि तिने मला हाक मारली. कॉलेजच्या नावाने नाही, घरच्या नावाने. ते नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या चाळीत त्याच नावाचं एक कुत्रंही होतं, एवढंच सांगतो.

आईची हाक आली की जिथे असू तिथून ओ द्यायची, ही माझी जन्माची सवय. मी ओ द्यायला गेलो. भुसा घशात गेला, ठसका लागला, बोटं सुटली, आणि मी पानांमधून खाली आलो.

फार नाही, दीड-दोन माणसांच्या उंचीइतका पडलो असेन. दोर ताणला गेला. खाली मुलगी वीतभर वर उचलली गेली आणि तिच्या कमरेला धरलेली आई अर्धी उठली, पण जमिनीतले पाय सुटले नाहीत. मामा आईला धरायला धावला. तिघं एकमेकांना धरून उभे, आणि मी त्यांच्या वर, नाक लाल, शर्ट फाटका, खोकत गोल गोल फिरतोय.

मला खाली उतरवलं. आईने आधी डोकं चाचपलं, मग एक धपाटा घातला.

"लाग्यो?" सरांनी विचारलं. हात लागला का?

मी मान डोलावली.

"नाम तो नहीं बोल्यो," थोरली दाढी म्हणाली. तो वाईट मुलगा नव्हता, नियम तसाच होता. नाव ऐकू आलं नव्हतं. आणि रिंग खालून दिसत नाही. माझ्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता, आणि शब्दही मी उच्चारला नव्हता, नुसती मान डोलावली होती. कोणी मला खोटा म्हणालं नाही. पण सगळे कातळाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. हजेरीच्या तासासारखं मला वाटलं. मी तिथे होतो, आणि गैरहजर लागत होतो.

सरांनी घड्याळ पाहिलं. मग पट्टा कमरेला आवळला. "हूं जोई आवुं," ते म्हणाले. मी बघून येतो. त्यांनी पाठ ऐनाच्या झाडाला लावली. दोन सीनियरांनी त्यांना कसं सरकायचं ते सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना कुठे येत होतं? शेवटी मी सांगितलं. "पाठ, सर. आता पाय. आता पाठ." माझा आवाज सरांपर्यंत पोचत होता. भेगेपर्यंत जाताना त्यांचाही शर्ट फाटला. जाताना ते देवाला "सॉरी" म्हणाले. आई पुन्हा मुलीच्या मागे जाऊन बसली, कोणी न सांगता.

सर पानांत दिसेनासे झाले. आम्ही वर बघत राहिलो. मामानेही चावायचं थांबवलं.

सरांनी नंतर पुसून लाल झालेला रुमाल दाखवला. रिंगवर शेंदराची दोन बोटं उमटली होती, ओली. पण आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं. आम्हाला फक्त ऐकू आलं. वर पानांमधून, सुरती हेल काढून, सर ओरडले. स्वतःचं नाव नाही. आईने मारलेल्या हाकेतून जेवढं त्यांच्या कानावर पडलं होतं तेवढं, माझं घरचं नाव.

दोन्ही दाढ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मुलगी ओरडली. मग त्या दोघांनी. पाड्यातल्या दोघांनीही ओरडून घेतलं. सगळं जंगल माझं नाव घेत होतं, आणि तेही कुत्र्याचं.

आईला त्यांच्या नियमांमधलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की तिच्या मुलाला सगळेच हाका मारताहेत आणि तो ढिम्म उभा आहे.

"आठेच शे ना तो!" ती वर बघून ओरडली. "काय काम शे?"

खोबरं एव्हाना गिळून झालं होतं. मी ओ दिली. मोठ्याने.